तासगावची खोटी अणुभट्टी

आमच्या कामात हातातून साधा पाना खाली पडला तरी फॉर्म भरावा लागतो. काय पडलं, कुठं पडलं, कुणाच्या हातून पडलं, परत पडू नये म्हणून काय करणार? हे फॉर्म लिहायचं काम माझं. चार वर्षांत दोन कपाटं भरली. पण जे जे त्या फॉर्मच्या चौकटीत बसलं नाही, ते सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं! आता कुठंही चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "पल्लवी, तो हळदीचा सांग ना!" आणि हळदीचा सांगितला की त्याला चिकटून बाकीचे बाहेर येतात.

तेव्हा आज एकदाच सगळे ओळीनं सांगून टाकते.

आधी काम काय होतं ते. एका थंड देशात (नाव सांगायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलंय) संशोधनाची एक जुनी अणुभट्टी आहे. ती बंद करून कित्येक वर्षं झाली. इंधनही कधीच काढून नेलंय. मागं राहिला तो शेजारचा पाण्याचा खोल हौद. त्यात जुन्या लोखंडी मांडण्या (इंधनाच्या कांड्या उभ्या ठेवायचे सांगाडे), कापलेल्या नळ्यांचे तुकडे आणि तळाला गाळ. सगळं किरणोत्सर्गी. वर सात मीटर पाणी आहे, म्हणून काठावरच्या माणसाला धोका कमी. पाणी उपसायचं तर आधी खालचं सामान निघायला हवं, आणि ते काढायचं वरूनच, लांब दांड्याच्या चिमट्यांनी आणि क्रेननं, हौदात पाणी असतानाच. एकट्या देशाला हे झेपत नव्हतं, म्हणून पाच देशांनी मिळून गट केला. कुणी कॅमेरे दिले, कुणी मोजमापाची यंत्रं, कुणी गाळ भरायचे डबे. आपल्या वाट्याला आला सराव.

सराव म्हणजे त्या हौदाची हुबेहूब नक्कल बांधायची आणि खऱ्या ठिकाणी पाय टाकण्याआधी प्रत्येक हालचाल या नकलेवर पुन्हा पुन्हा करून बघायची. ती नक्कल बांधली आमच्या दादांनी. दादा म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. उभा जन्म साखर कारखान्यांची यंत्रं चढवण्यात आणि उतरवण्यात गेलेला. तासगावजवळ बेदाण्याचं एक जुनं कोल्ड स्टोरेज रिकामं पडलं होतं. उंच, बंदिस्त. त्यातच हौद खोदला. पाणी साधं, लोखंड नवंकोरं. रेडिएशन औषधालाही नाही!

पण हे गावाला कुठं माहीत?

* * *

गावात बातमी पसरली ती एवढीच, की कोल्ड स्टोरेजमध्ये अणुभट्टी आणलीय. द्राक्षबागवाले हवालदिल! "व्यापारी मालाला हात लावनार न्हाई," म्हणत एका सकाळी पन्नाससाठ माणसं ट्रॅक्टर घेऊन फाटकाशी आली.

नेमकी त्याच आठवड्यात हेलेना आलेली. हेलेना म्हणजे पाच देशांच्या गटाची प्रमुख. पन्नाशीची बाई. तो हौद तिच्याच गावाजवळचा. दादा घाबरून म्हणाले, "मॅडमना मागच्या दारानं काढू या." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "का? या लोकांशी बोलणं हेच तर माझं काम."

फाटक सताड उघडलं. सगळ्यांना आत घेतलं. रेडिएशन मोजायचं मीटर तिनं लोकांच्याच हातात दिलं. कुणी ते हौदाला लावलं, कुणी ट्रॅक्टरला, एकानं स्वतःच्या सासऱ्याला लावून बघितलं! काटा जागचा हलेना. तीन तास मी भाषांतर करत होते, घसा बसला.

शेवटी आमच्या सरपंच इंदुताई पुढं आल्या. "हितं खोटं हाय, पटलं. पन तितं तर खरं हाय न्हवं? मग तितं काय चुकलं, तर तितल्या बायकास्नी कोन सांगनार?"

हेलेना म्हणाली, "आमच्याकडं भोंगा आहे."

"भोंगा म्हंजे पळा. पळायचं कुटं, त्ये कोन सांगनार? दारात कोन येनार?"

मी भाषांतर केलं. हेलेनानं वही काढली आणि लिहायला लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "चला रं, खोटी अणुभट्टी हाय!" तेच नाव आजपर्यंत टिकलंय.

दोन महिन्यांनी हेलेनाचं ईमेल आलं. तिच्या गावात आता प्रत्येक गल्लीसाठी एक माणूस नेमलाय. काही झालं तर त्यानं दारोदार जाऊन सांगायचं, म्हाताऱ्यांना गाडीत बसवायचं, हे सगळं ठरलंय. त्या योजनेला त्यांनी नाव दिलं होतं, 'इंदुताईंचा प्रश्न'!

मी ते इंदुताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पन ताई, आपल्या गावात असलं कोन नेमलंय का?"

पुढच्या ग्रामसभेत नेमली! पुरासाठी.

* * *

आता तात्या. सर्जेराव तात्या म्हणजे आमचे मुख्य रिगर, जड वजनं उचलायचं काम बघणारे. आधी फौजेत फिटर, नंतर दादांच्याबरोबर. साठी ओलांडलेली. इंग्रजी येत नाही, पण ड्रॉइंग असं वाचतात की जणू पोराचं प्रगतिपुस्तक!

हौदाची मूळ ड्रॉइंगं आली. जुनी, पिवळी पडलेली, प्रत्येक कागदावर तीन-तीन सह्या. तात्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. "ह्यो पाईप हितं न्हाई."

हेलेना व्हिडिओ कॉलवर. तिनं विचारलं, "कशावरून?"

"डाव्या भिंतीला ह्यो पाईप टाकायचा तर फिटरला शिडीवर चढून, पाटीमागं वाकून वेल्डिंग मारावं लागतंय. जगातला कुटलाबी फिटर असलं करत न्हाई, बाईसाहेब. साहेब तिकडं गेला की त्यो उजव्या अंगानं टाकून मोकळा हुनार!"

"पण यावर तीन सह्या आहेत!"

"सही करनारं कोन शिडीवर चढलंय व्हय?"

मी हे जरा सभ्य करून सांगितलं. हेलेना हसली नाही. पाईप खरंच उजवीकडं असला, तर मांडणी उचलताना ती त्यात अडकणार, पाईप तुटणार आणि गाळ ढवळून निघणार. तिनं जुन्या कामगारांची यादी काढली. त्या हौदावर काम केलेला एकच फिटर अजून हयात होता, नव्वदीला टेकलेला. त्याच्या मुलीनं फोन धरला आणि म्हातारा पडद्यावर आला. हेलेनानं विचारलं, पाईप डावीकडं की उजवीकडं?

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "उजवीकडं! त्या आठवड्यात साहेब रजेवर होते!"

खऱ्या हौदात कॅमेरा खाली सोडला. उजवीकडं!

फोन ठेवताना म्हाताऱ्यानं विचारलं, "हा तुमचा माणूस आमच्याकडं कोणत्या पाळीत होता?"

तात्या म्हणाले, "त्यास्नी म्हनावं, मी तवा शाळंत हुतो. पन आमी दोगंबी फिटर!"

* * *

बिरूचा किस्सा आहे छोटा, पण कागदोपत्री सगळ्यात गाजलेला.

बिरू आमचा चिमटा चालवणारा. पस्तिशीचा, आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. आयटीआय करून दादांच्याकडं लागलेला. आमचा चिमटा सात मीटर लांब. काठावर उभं राहून तळातली वस्तू उचलायची. त्यात पाणी फसवतं. वस्तू दिसते एकीकडं, असते दुसरीकडं. पहिल्या परीक्षेत तळाला एक वॉशर टाकला होता. गटातल्या दोन परदेशी इंजिनिअरांना तो उचलायला पाऊण तास लागला. दोघं घामाघूम!

बिरू आला. चिमटा हातात घेऊन नुसता तोलला. खाली बघितलं, एक श्वास सोडला, आणि पहिल्या झटक्यात वॉशर वर!

हेलेना म्हणाली, "परत कर."

परत केलं. मग तिसऱ्यांदा. सगळे गार!

"कसं जमतं?" मी विचारलं.

"दांडा हलवायचा न्हाई, ताई. आपन हलायचं. बाभळीच्या शेंड्याच्या शेंगा काडाय आकडी लावायची, तवा वाऱ्यानं शेंडाबी हलत असतोय. खाली शेरडं कावलेली. चुकून चालत न्हाई!"

आकडी म्हणजे लांब बांबूला बांधलेला कोयता. लहानपणापासून रोजचं काम.

आता त्याच्या फॉर्मवर एक रकाना होता: या कामाचा पूर्वानुभव. मी काय लिहिणार? प्रामाणिकपणे लिहिलं, "शेळ्यामेंढ्या, वीस वर्षं."

आठवड्यात तीन देशांकडून खुलासा मागवला गेला! दोघांनी विचारलं, म्हणजे नक्की काय? तिसऱ्यानं विचारलं, "जनावरं पाण्याखाली होती का?"

* * *

हां, तर हळदीचा.

किरणोत्सर्गी जागेत काम करताना अंगावर पूर्ण सूट असतो. माणसाला घाण लागते ती बहुतेक वेळा सूट काढताना. बाहेरची बाजू चुकून गळ्याला लागली, संपलं! म्हणून सूट काढायचा सराव फार कडक. त्यासाठी एक खास पावडर परदेशातून येते. ती सूटवर फासायची, सूट काढायचा आणि मग अंधारात निळसर दिव्याखाली माणूस बघायचा. जिथं पावडर लागली असेल तिथं अंग चमकतं.

सगळे देश जमले, दिवा आला, सूट आले. पावडर कस्टममध्ये अडकली! दादांनी फोन करून करून बॅटरी संपवली. हेलेनाकडं चार दिवस होते. सराव झाला नाही, तर पुढचा मुहूर्त सहा महिन्यांनी.

शालनमावशी आमच्याकडं झाडलोट करतात. त्या दिव्याजवळची फरशी पुसत होत्या. एकदम म्हणाल्या, "आगं बया! माझं हात बगा की वो!"

दिवा चालू राहिला होता. मावशींची बोटं पिवळीजर्द उजळलेली!

"सकाळी काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? पिटलं!"

हळद! सांगली म्हणजे हळदीचं माहेर. आणि आम्ही पावडरीसाठी कस्टमच्या पाया पडत होतो! दादांनी गाडी काढली, बाजारातून हळदीचं पोतं आणलं. थोड्या स्पिरिटमध्ये कालवून बघितली. काय ती चमकली! हेलेना दिव्याखाली हात धरून लहान मुलीसारखी बघत राहिली.

सराव सुरू झाला. एका देशाचे मोठे तज्ज्ञ, त्याच विषयावर शिकवणारे, त्यांनी सूट काढला. दिवा लावला. त्यांच्या मिशा चमकत होत्या! तात्यांचे कान. माझी मान. दादांचं तर सांगूच नका, दादा जेजुरीहून आल्यासारखे!

गंमत म्हणून शालनमावशींनाही हात घासायला लावून सूट घातला होता. स्वच्छ निघाल्या त्या एकट्याच. त्यांनी हातमोजे आतून बाहेर उलटवत काढले, सूट खाली गुंडाळत नेला आणि त्यातून अलगद पाय उचलून बाहेर आल्या. हेलेनानं त्यांचा व्हिडिओ काढला. आज पाच देशांत तोच व्हिडिओ दाखवून शिकवतात. पावडरही आता कुणी मागवत नाही. सांगलीहून हळद जाते!

पण खरी मजा चौथ्या दिवशी. शेवटची परीक्षा. बिरू आला, सूट घालायच्या आधी नेहमीप्रमाणे दिव्याखाली उभा केला. आणि बिरू डोक्यापासून पायापर्यंत पेटलेला! केस, कान, भुवया, नखं. तज्ज्ञ दोन पावलं मागं सरले. हेलेना ओरडली, "हे कुठं लागलं? केव्हा लागलं?"

बिरू लाजून म्हणाला, "चुलतभावाची हळद हुती की काल."

फॉर्म भरावा लागलाच. कारण: लग्न. परत असं होऊ नये म्हणून काय करणार? मी लिहिलं, "चुलतभावाचं लग्न झालेलं आहे. परत होणार नाही."

* * *

आता जरा घाम फोडणारा.

पाच देशांचे निरीक्षक शेड पास करायला आले. त्यांनी पास केलं तरच आमची माणसं खऱ्या हौदावर जाणार. नाही तर तोवरचं सगळं काम फुकट. दादांनी आठवडाभर दाढी केली नव्हती, त्या दिवशी दोनदा केली.

प्रात्यक्षिक असं: क्रेननं जड मांडणी हौदातून उचलायची आणि डब्यात ठेवायची. खाली तात्या हातानं खुणा करत होते. निरीक्षक ओळीनं उभे. शालनमावशी वरच्या गॅलरीत फरशी पुसत होत्या. मांडणी पाण्याबाहेर निघाली, आता बाजूला सरकणार, एवढ्यात वरून आवाज आला, "थांबा!"

तात्यांनी मूठ आवळली. क्रेन जागच्या जागी थांबली.

दादांचा चेहरा पांढराफटक! निरीक्षक वर बघायला लागले. मावशी हातातला पोछा हुकाकडं रोखून म्हणाल्या, "त्यो आकडा उगडा हाय."

क्रेनच्या हुकाला एक पट्टी असते, सुरक्षेची. ती अर्धवट लागली होती. खालून कुणालाच दिसत नव्हती, वरून दिसत होती. तात्यांनी मांडणी हळूच परत खाली बसवली, पट्टी लावली आणि निरीक्षकांकडं बघून सरळ उभे राहिले, फौजेत राहतात तसे.

अर्धा तास निरीक्षकांची आपसात कुजबुज. दादा माझ्या कानाशी, "गेलं, पल्लवी. सगळं गेलं."

मग मुख्य निरीक्षक आले. त्यांनी विचारलं, "त्या बाई कोण? त्यांचा हुद्दा काय?"

मी म्हटलं, "त्या साफसफाई करतात."

"आणि त्यांच्या एका शब्दावर क्रेन थांबली? कुणाला न विचारता?"

मी तात्यांना विचारलं. तात्या चकितच झाले. "मग इचारायचं कवा? पडल्यावर?"

निरीक्षकांनी तिथंच सही केली. म्हणाले, "क्रेन सगळ्यांकडं असते. असं थांबणं मी फार थोड्या ठिकाणी बघितलंय." दादांना एकदम रडूच फुटलं. ते मावशींचे पाय धरायला निघाले. मुख्य निरीक्षकही हात जोडून मावशींपुढं गेले.

मावशी म्हणाल्या, "पाय काडा वो सायेब, वली फरशी हाय!"

* * *

तिकडं खऱ्या हौदावर गेल्यावर तात्यांची पहिली तपासणी. एका यंत्रात बसवून शरीरात किती किरणोत्सर्ग आहे ते मोजतात, म्हणजे काम झाल्यावर वाढला का ते कळतं. तात्या बाहेर आले, म्हणाले, "काय निगालं?"

डॉक्टर म्हणाले, "थोडं पोटॅशियम. ते प्रत्येक माणसात जन्मापासून असतं."

मी सांगितलं.

"मग त्ये ऱ्हाऊ द्या म्हनावं. काडू नका!"

* * *

मांडणी वाकवण्याचा किस्सा सांगताना दादा अजून छातीवर हात ठेवतात.

तिकडं जायच्या आधी, इकडं सराव संपत आला होता. आमच्या हौदातली नकली मांडणी बिरू डोळे मिटून उचलायचा. सगळे खूश. एका दुपारी दादा शेडमध्ये आले, तर तात्या घण घेऊन नव्याकोऱ्या मांडणीवर घाव घालतायत!

"तात्या! काय झालं तुमाला?"

"वाकीवतोय."

"आवं, ड्रॉइंगपरमानं बनवलीय ती!"

"म्हनूनच. चाळीस वर्सं पान्यात पडलेली मांडनी सरळ आसंल व्हय? म्या इतके कारखाने उतरवले दादा, जुनी वस्तू कवाच सरळ निगत न्हाई. सरळचा सराव करून काय करायचं?"

दादा भडकले. हेलेनाही भडकली. आठवडाभर तात्यांशी कुणी धड बोललं नाही. पण मांडणी तर वाकलेलीच! दुसरी बनवायला वेळ नव्हता. मग बिरू त्या वाकड्या मांडणीवरच सराव करत राहिला. ती सरळ वर येईना, कोपऱ्यात अडकायची. शेवटी बिरू आणि तात्या दोघांनी युक्ती काढली. आधी बोटभर खाली दाबायची, मग थोडी फिरवायची, मग वर घ्यायची. मी ती पायरी-पायरीनं लिहून काढली. हेलेनानं नाइलाजानं सही केली. जोडपत्र म्हणून, अगदी शेवटी.

खऱ्या हौदावरचा दिवस. काठावर बिरू आणि तात्या. मांडणीचा भार क्रेनवर, दिशा बिरूच्या चिमट्यानं. छातीवर बिल्ले, अंगाला लागणारं रेडिएशन मोजणारे. प्रत्येकाला काठावर उभं राहायला वीस मिनिटं. त्यानंतर बिल्ला वाजणार आणि माणसानं मागं फिरायचं, काम असेल तिथं सोडून. मी आणि हेलेना काचेमागं. इकडं तासगावच्या शेडमध्ये सगळे पडद्यासमोर बसलेले.

शेवटची, सगळ्यात मोठी मांडणी. बिरूनं पकडली. उचलली. वीतभर वर आली आणि अडकली!

पाणी जरासं गढूळ व्हायला लागलं. जोर लावला असता तर मांडणी तुटली असती, गाळ सगळ्या हौदात पसरला असता आणि काम वर्षभर मागं गेलं असतं. काचेमागं माझ्या हाताला हेलेनाची नखं रुतलेली. कानात तात्यांचा आवाज ऐकू आला, अगदी शांत.

"बिरू, गड्या. आपलीच हाय ही."

बिरूनं बोटभर खाली दाबली. थोडी फिरवली. मग वर.

ती आली! वाकडीतिकडी, गाळानं माखलेली, पण अख्खी! डब्यात बसली, झाकण लागलं. बिल्ला वाजायला अजून सहा मिनिटं होती. तासगावच्या शेडमध्ये एवढा जल्लोष झाला, की माझ्या कानातलं यंत्र मला काढून ठेवावं लागलं. हेलेनानं जोडपत्र फाईलीच्या शेवटून काढलं आणि सगळ्यात वर लावलं.

संध्याकाळी ती तात्यांकडं आली आणि म्हणाली, "मला माफ करा."

तात्या म्हणाले, "बाईसाहेब, तुमी रागावला नसता तर म्या अजून एक वाकीवली आसती!"

* * *

आणि हा शेवटचा.

हौद रिकामा झाला, घासला गेला, फोडला गेला. आजूबाजूची माती मोजून झाली. महिनेच्या महिने पाच देशांची यंत्रं त्या जमिनीवर फिरत होती. शेवटी कागद आला: जागा मोकळी. कुंपण काढा.

आम्हाला परत बोलावलं होतं. गवताळ मैदान, मधोमध लोखंडी फाटक आणि त्यावर एक मोठी पाटी. हेलेना म्हणाली, "ही पाटी माझ्या जन्माआधीची आहे. ती तात्यांनी काढावी, असं गटानं ठरवलंय."

तात्या शिडीवर चढले. गंजलेले बोल्ट, तेल सोडून सोडून एकेक फिरवला. पाटी खाली आली. "लिवलंय काय हिच्यावर?"

मी हेलेनाला विचारलं आणि सांगितलं, "परवानगीशिवाय आत पाऊल टाकू नये."

"बरं," म्हणून तात्यांनी पाटी उलटी ठेवली. मग सगळ्यांनी मिळून फाटक उतरवलं, ट्रॉलीवर चढवलं.

तेवढ्यात एक बाई कुत्रं घेऊन फिरायला आली. कुंपणाच्या कडेनं ती रोजच जायची म्हणे. जिथं फाटक होतं तिथं ती थबकली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सरळ आत!

तिथला पहारेकरी, सगळी नोकरी त्या एकाच फाटकावर काढलेला, धावत सुटला. हात आडवा करून म्हणाला, "बाई, पास!"

बाई म्हणाली, "कशाचा?"

त्यानं मागं वळून फाटकाकडं बोट दाखवलं. तिथं फाटकच नव्हतं! ते ट्रॉलीवर होतं. बाई हसली. कुत्रं त्याच्या बुटाचा वास घेऊन पुढं गेलं.

पहारेकरी तिथंच उभा राहिला. मग हळू आवाजात त्यानं हेलेनाला काहीतरी विचारलं. हेलेनाचे डोळे भरून आले. तिनं मला इंग्रजीत सांगितलं, मी तात्यांना मराठीत. "ते विचारतायत, मी आता आत उभा आहे की बाहेर?"

तात्यांनी रुमालानं हात पुसले. "त्यास्नी म्हनावं, आता तुमी नुसतं गवतात हुबं हायसा."

माझ्याकडून हेलेनाकडं, हेलेनाकडून त्याच्याकडं. ऐकून त्यानं टोपी काढली. एक पाऊल पुढं टाकलं. मागं घेतलं. परत पुढं. आणि मग तो भलामोठा माणूस त्या फाटकाच्या जागेवरून आत-बाहेर, आत-बाहेर करत खदाखदा हसायला लागला. ते बघून हेलेनाही त्या जागेवरून आत गेली. बिरू गेला. तज्ज्ञ गेले. मीसुद्धा!

आणि मागून तात्या जिवाच्या आकांतानं ओरडतायत, "आवं, पायाखाली बगा! माझं तीन नट सापडायचं हाईत!"